घरामागचे टिनाचे शेड : थंडीतली ऊब, तिचा खर्च आणि तिचा धोका



दिवाळी सरली की जैनथ, भोरज, बेला या पट्ट्यात पहाटे अंगणाअंगणात शेकोट्या दिसू लागतात. तेलंगणात थंडीचा विषय निघाला की आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे नाव पहिल्यांदा येते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाणे इथे नित्याचेच आहे. कडक वर्षी ते ५-६ अंशांपर्यंतही उतरते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरामागे किंवा बाजूला एक टिनाचे शेड असते. कुणी तिथे शिलाई मशीन टाकले आहे, कुणी सुतारकामाचा ओटा, कुणी मोटार रिवाइंडिंग करतो, कुणी दुचाकी दुरुस्त करतो. हंगामात त्याच शेडच्या एका कोपऱ्यात वेचलेला कापूस भाव चढेपर्यंत पडून असतो. घरातली खोली थंडीत निभावते, पण शेडमध्ये सहा-सात वाजता हात चालत नाही. मग कुणी कॉइलची शेगडी लावतो, कुणी कोळशाची, कुणी टोपल्यात पऱ्हाटी पेटवतो.

हे शेड गरम कसे ठेवावे, त्याला किती खर्च येतो आणि कुठे जिवाशी गाठ पडते, हे सभासदांसाठी एका ठिकाणी मांडावे म्हणून हा लेख. मी बँकेतला माणूस, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे विज्ञानही जमाखर्चाच्या भाषेतच सांगणार आहे. पण ऊब हा तसा जमाखर्चाचाच विषय आहे. किती आत आली, किती बाहेर गेली आणि शिल्लक काय राहिली, एवढेच पाहायचे असते.

आपली थंडी कशी आहे

युरोप-अमेरिकेत गॅरेज गरम करण्याचे जे उपाय सांगतात, ते जसेच्या तसे आपल्याला लागू होत नाहीत. तिकडे दिवसभर बर्फ असतो. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र, हवा कोरडी. सूर्य मावळला की जमीन आणि छप्पर आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडतात, म्हणून पहाटे कडाका पडतो. सकाळी दहा-अकरा वाजता मात्र ऊन तापते आणि दुपारी कमाल तापमान २८-३० अंशांच्या आसपास जाते. म्हणजे शेडला ऊब लागते ती पहाटे सहा ते नऊ आणि रात्री सातनंतरचे दोन-तीन तास. एवढ्यासाठी मोठी यंत्रणा बसवणे म्हणजे चार दिवसांच्या गरजेसाठी पाच वर्षांचे कर्ज काढण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट. हेच शेड मे महिन्यात भट्टी होते. आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त होरपळ जाणवते. त्यामुळे छतावर केलेला खर्च हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा वसूल होतो. हिटरवरचा पैसा हा चालू खर्च, छतावरचा पैसा ही गुंतवणूक. हा फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यावा.

ऊब जाते कुठे

समजा आपले शेड १२ फूट बाय १० फूट आहे, उंची ९ फूट, विटांच्या भिंती आणि वर टिन. आतल्या हवेचे वजन साधारण ३६ किलो भरते. एवढी हवा १० अंशांनी तापवायला फक्त ०.१ युनिट वीज पुरते. १,००० वॅटचा हिटर हे काम सहा मिनिटांत करील. मग तासभर हिटर लावूनही शेड गार का राहते? कारण तापवलेले टिकत नाही.

ढोबळ हिशेब असा. आत-बाहेर १० अंशांचा फरक राखायचा असेल, तर १२० चौरस फुटांचे उघडे टिन एकटे साधारण ७०० वॅट खाते. नऊ इंची विटांच्या भिंतींतूनही साधारण तेवढेच जाते. टिन आणि भिंत यांच्यामधल्या फटींतून, शटरखालून आणि दाराच्या सांध्यांतून आतली हवा तासाला पाच वेळा बदलत असेल, तर आणखी ५०० वॅट गेले. बेरीज १,९०० वॅट. म्हणजे १,००० वॅटच्या हिटरची अर्धी लढाई आधीच हरलेली असते.

टिनाचा आणखी एक गुण आहे. रात्री आकाशाकडे उष्णता सोडून सोडून पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. आतल्या हवेतला ओलावा त्याच्या खालच्या बाजूला जमतो आणि पहाटे थेंब थेंब पडतो. पटाशीवर, रंध्यावर, मशीनच्या चाकावर गंज चढतो तो याच थेंबांनी. पत्रा गळतो असे समजून लोक वरून डांबर फासतात, पण पाणी आतूनच आलेले असते.

आधी फटी, मग छत

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वारा अडवणे. पत्र्याच्या नळ्या आणि भिंतीचा माथा यांच्यातली मोकळी जागा सिमेंट-वाळूच्या गिलाव्याने भरून घ्यावी. शटर किंवा दाराखाली रबरी पट्टी लावावी, दाराला आतून जाड ताडपत्रीचा पडदा सोडावा. उत्तर आणि पूर्वेकडून येणारा वारा आधी बंद करावा. हे काम एका मिस्त्रीचे, एका दिवसाचे आहे. भिंतीच्या वरच्या बाजूची एक झरोकावजा खिडकी मात्र उघडता-मिटता येईल अशी राखावी. ती का, ते पुढे येईलच.

नंतर छत. टिनाच्या खाली एक हात अंतर सोडून दुसरे आच्छादन दिले की मधली कोंडलेली हवाच दुलईचे काम करते आणि छतातून जाणारी ऊब ढोबळमानाने निम्म्यावर येते. आपल्या भागात जुन्या घरांना कुडाच्या भिंती होत्या, बांबूची किंवा पऱ्हाटीची तट्टी आणि तिला दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप. तीच तट्टी माती लिंपून छताखाली बसवली तर खर्च थोडा आणि गुण मोठा. मातीचा लेप सोडू नये, नुसती तट्टी म्हणजे सरपणच. ऐपत असेल तर सिमेंट बोर्डाचे छत उत्तम. थर्माकोल स्वस्त मिळतो आणि ऊबही चांगली धरतो, पण वेल्डिंग, ग्राइंडर किंवा कॉइलचा हिटर असलेल्या शेडमध्ये तो लावू नये. ठिणगी पडली की तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पेंढा आणि जुनी पोती यांचेही तेच.

जमिनीकडे आपले लक्ष जात नाही. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर उभे राहून काम करणाऱ्याची ऊब पायांतून जाते. पायाखाली लाकडी पाट, फळकूट किंवा रबरी मॅट टाकली, तर निम्मी थंडी कमी वाटते.

नवे शेड बांधणाऱ्यांसाठी एक सूचना. खिडकी दक्षिणेला ठेवावी. आपल्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत खोलवर येते. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दीड फुटाची पडवी तेच ऊन बाहेर अडवते. आपल्या जैनथच्या लक्ष्मीनारायण मंदिरात ठरावीक दिवसांत उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. बांधकामाची दिशा आणि ऋतू यांचा मेळ आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. शेड बांधताना आपण तो विसरतो.

विजेचा हिटर : युनिटचा हिशेब

बाजारात रॉडचा हिटर, ब्लोअर आणि तेल भरलेला रेडिएटर असे तीन प्रकार मिळतात. दुकानदार काहीही सांगो, एक युनिट वीज जाळली की तिन्ही प्रकारांत उष्णता सारखीच मिळते. फरक असतो तो ती पोहोचवण्याच्या पद्धतीत. रॉडचा हिटर समोर बसलेल्या माणसाला उन्हासारखा लगेच शेकतो, खोली गार असली तरी. ब्लोअर हवा तापवतो, पण ती हवा फटीतून निघून जाते. शिवाय तो भुसा आणि कापसाचे तंतू ओढून तापलेल्या कॉइलवर टाकतो, म्हणून सुतारकामाच्या किंवा कापसाच्या जागी ब्लोअर नकोच. तेलाचा रेडिएटर तापायला वेळ घेतो, पण त्याची तार उघडी नसते. शिलाईचे काम असलेल्या बंदिस्त खोलीत तो बरा. गरम-थंड असा दोन्हीचा एसी एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब आत आणतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत टाकतो. पण टिनाच्या शेडमध्ये तो बसवण्याआधी छत करावे लागते.

आता करंट बिलाकडे वळू. १,००० वॅटचा रॉड पहाटे दोन तास, महिनाभर लावला, तर ६० युनिट. २,००० वॅटचा हिटर तीन तास लावला, तर १८० युनिट. गृहज्योती योजनेत पात्र कुटुंबाला महिन्याला २०० युनिटांपर्यंत शून्य बिल येते. मात्र २०० ओलांडले, की वरच्या युनिटांचेच नाही तर त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते. समजा आपल्या घराचा वापर ११० युनिट आहे. ६० युनिटांचा हिटर लावला, तर १७० युनिट आणि बिल शून्य. १८० युनिटांचा लावला, तर २९० युनिट आणि बिल दीड हजाराच्या पुढे. दोन हिटरमधला फरक हजार वॅटचाच दिसतो, पण महिन्याच्या शेवटी तो असा अंगावर येतो. शेडमध्ये कमाईचा धंदा चालत असेल, तर घरगुती जोडणी चालते की वेगळ्या गटातले मीटर लागते, हे लाईट ऑफिसात विचारून घ्यावे.

वायरिंगचा मुद्दा त्याहून मोठा आहे. २,००० वॅटचा हिटर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. साधा लहान पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यावर मोठा हिटर लावला, तर आधी पिन काळी पडते, मग बोर्ड वितळतो. हिटरला १६ अँपिअरचा सॉकेट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरेखुरे अर्थिंग हवे. घरातून ओढलेल्या एक्स्टेंशनवर हिटर चालवू नये. आणि वायरीची गुंडाळी न सोडता तर नाहीच नाही, ती आतल्या आत तापते.

कोळशाची शेगडी : इथे जरा थांबून वाचावे

या लेखात सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. तो घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा.

आपल्याकडे समज असा, की धूर आहे तोवर शेगडी बाहेर ठेवायची आणि निखारे लाल झाले, धूर संपला, की आत न्यायची. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला येतो, म्हणून माणूस दार उघडतो. धूर नसलेल्या लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही.

पहिली लक्षणे म्हणजे डोके जड होणे, मळमळ, चक्कर, हातपाय गळणे आणि गुंगी. दिवसभर राबलेल्या माणसाला ती थकव्याचीच वाटतात. ऊब मिळाली आहे, झोप येते आहे, म्हणून तो आडवा होतो. तो उठत नाही. दर हिवाळ्यात दिल्ली, पंजाब, काश्मीरकडून शेगडी घेऊन झोपलेल्या कुटुंबांच्या अशा बातम्या येतात. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत मृत्युमुखी पडले. थंडीसाठी दारे-खिडक्या बंद करून त्यांनी गॅसचा हिटर लावला होता. त्यांत लहान मुलेही होती. तेव्हा धोका फक्त कोळशाचा नाही. गॅसचा हिटर, केरोसीनची बत्ती, जनरेटर, चालू ठेवलेले दुचाकीचे किंवा ऑटोचे इंजिन, जे जे काही जळते ते बंद जागेत हाच वायू देते. शटर अर्धे ओढून इंजिन गरम करत बसणाऱ्या तरुण मेकॅनिकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आपल्या भागात ही गोष्ट आणखी जवळची आहे. कापूस राखायला घरातले कुणी ना कुणी शेडमध्येच झोपते, बहुधा वडील माणूस. थंडी असते म्हणून सून किंवा मुलगा मायेने शेगडी आणून ठेवतो आणि वारा येऊ नये म्हणून दार लावून घेतो. वर सांगितल्याप्रमाणे फटी बुजवलेल्या शेडमध्ये तर हा धोका आणखी वाढतो. ऊब देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्याला वेळेवर सांगणे आवश्यक आहे.

काही गैरसमज दूर करू. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवल्याने हा वायू शोषला जात नाही. बोटभर खिडकी उघडी ठेवली की झाले, असेही नाही. कोविडमध्ये घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसवते. ते कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त ओळखू शकत नाही आणि आकडा चांगला दाखवते. म्हणून नियम एकच. जिथे माणूस झोपणार, तिथे विस्तव नको. झोपण्याआधी विझवला, राख झाली असे वाटले, तरी ते टोपले बाहेर काढावे. राखेखाली निखारा तासन्‌तास राहतो.

कुणी गुंगीत सापडला, तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, त्याला उघड्या हवेत न्यावे आणि १०८ ला फोन करावा. आपणही आत रेंगाळू नये. तो शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्यावेच. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. दवाखान्यात मास्कने शुद्ध प्राणवायू दिला, की तो बराच लवकर निघतो. डॉक्टरांना “शेगडी होती” हे आपणहून सांगावे, नाहीतर निदान दुसरीकडे जाते. गरोदर स्त्री, लहान मूल आणि हृदयाचा आजार असलेली व्यक्ती यांना थोडा वायूही घातक ठरतो.

कापूस, भुसा आणि पेट्रोल

दुसरा धोका आगीचा. कापसाचा मोकळा तंतू ठिणगीने क्षणात पेटतो आणि वरची ज्वाळा विझली तरी गंजीच्या आत आग धुमसत राहते. जिथे कापूस आहे, तिथे कोणताही हिटर नको आणि बिडीही नको. कापूस आणि काम एकाच शेडमध्ये ठेवणे टळतच नसेल, तर मध्ये विटांची निदान छातीएवढी भिंत घालावी आणि हिटर भिंतीच्या अलीकडे ठेवावा. इतर कोणत्याही वस्तूपासून हिटर निदान एक मीटर दूर असावा.

पेट्रोल आणि थिनर यांचे वेगळे आहे. पेट्रोल उणे ४० अंशांनाही पेट घेईल इतकी वाफ सोडते, तेव्हा “थंडीत काय होतंय” असे म्हणू नये. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि जमिनीवर ठेवलेल्या हिटरच्या तारेपर्यंत बिनबोभाट पोहोचते. दुचाकी उभी असलेल्या शेडमध्ये हिटर जमिनीवर न ठेवता भिंतीवर कमरेच्या वर पक्का बसवावा. कार्ब्युरेटर उघडायचा असेल किंवा रंग मारायचा असेल, तर हिटर बंद आणि शटर उघडे. जळके इंजिन ऑइल डब्यात पेटवून शेकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी.

विस्तव बाहेर, ऊब आत

मग पऱ्हाटीचा उपयोगच करायचा नाही का? जरूर करायचा. एक किलो वाळलेल्या पऱ्हाटीत साधारण साडेचार युनिटांएवढी उष्णता असते आणि ती आपल्या शेतात फुकट पडलेली असते. फक्त ती जाळायची अंगणात आणि आत आणायची ती नुसती ऊब.

त्यासाठी पाण्याइतके चांगले वाहन नाही. अंघोळीचा बंब बऱ्याच घरांत अजून आहे. बंबातले ७० अंशांचे २० लिटर पाणी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून कामाच्या ओट्याखाली ठेवले, तर ते २० अंशांपर्यंत निवताना १.१ युनिटाहून थोडी जास्त ऊब देते. म्हणजे १,००० वॅटचा हिटर तासभर चालवल्यासारखेच झाले, तेही बिलाशिवाय आणि ठिणगीशिवाय. डब्याचे झाकण पक्के असावे आणि लहान मुलांचा हात लागणार नाही अशा कोपऱ्यात तो ठेवावा. शेकोटीत तापवलेल्या विटा लोखंडी घमेल्यात ठेवल्या, तरी काम होते. मात्र तीन किलोची वीट १०० अंशांनी तापवली, तरी ०.०७ युनिटच धरते. पाणी त्याहून कितीतरी सरस. विटांना निखारा चिकटलेला नाही ना, हे पाहूनच आत आणाव्यात.

शेडमध्येच चूल हवी असेल, तर धुरांडे असलेली लोखंडी चूल बसवावी. नळी पत्र्याच्या वर दोन-तीन फूट जावी, पत्र्यातून जाते तिथे लाकूड-बांबूचा स्पर्श नसावा आणि ती वर्षातून एकदा साफ व्हावी. वरची झरोक्याची खिडकी अशा वेळी उघडीच ठेवायची.

आणि खोलीऐवजी माणूस तापवणे हा जुना, शहाणपणाचा मार्ग आहे. काश्मिरी माणूस फेरनखाली कांगडी घेऊन फिरतो. जपानमध्ये बुटक्या टेबलाखाली छोटा हिटर लावून वर दुलई पांघरतात आणि घरचे सगळे भोवती बसतात. आपल्या शिलाई करणाऱ्या भगिनींना रबरी पिशवीत गरम पाणी मांडीवर घेता येईल, पायाशी घोंगडी ठेवता येईल.

कामाची वेळ आणि कपडे

थंडीत काही कामे मुळातच बिघडतात. लाकडाचा पांढरा गोंद १० अंशांच्या खाली नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा दिसतो आणि सांधा सुटतो. ऑइल पेंट वाळायला वेळ लागतो. बॅटरीचा जोर कमी होतो, मशीनचे तेल घट्ट होते. म्हणून गोंदाची बाटली रात्री घरात ठेवावी, चिकटवण्याचे आणि रंगाचे काम सकाळी अकरानंतर करावे आणि पहाटे मोजमाप, आखणी, काचपट्टी मारणे अशी कामे घ्यावीत. वेळापत्रक बदलणे हा एकमेव उपाय असा आहे, की ज्याला एक पैसाही लागत नाही.

कपड्यांबाबत एकच सांगायचे आहे. फिरत्या यंत्राजवळ मफलर, शाल, ओढणी, सुटा पदर आणि लोंबणारी स्वेटरची बाही नको. गिरणीच्या पट्ट्यात आणि ड्रिलमध्ये मफलर अडकून होणारे अपघात थंडीतच जास्त संभवतात. लोकरीचे हातमोजे घालून ड्रिल चालवू नये. आत घट्ट बसणारे दोन पातळ कपडे, कानटोपी आणि मोजे एवढे पुरते.

विम्याचे दोन शब्द

जुनी सवय म्हणून शेवटी हेही. शेडमध्ये माल, यंत्र किंवा कापूस असेल, तर त्याचा विमा आहे का ते आजच पाहावे. घरासाठीची भारत गृह रक्षा आणि छोट्या धंद्यासाठीची भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या दोन्ही ठराविक नमुन्याच्या पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे मिळतात. घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल येईलच असे धरून चालू नये. बँकेचे कर्ज असेल, तर विमा बहुधा बँकेनेच काढलेला असतो आणि हप्ता आपल्याच खात्यातून गेलेला असतो. पण त्या कागदावर जागेचा पत्ता कोणता आहे, हे कर्जदार क्वचितच वाचतो. पत्ता बाजारातल्या दुकानाचा आणि माल घरामागच्या शेडमध्ये, असे असेल तर आगीनंतर दावा अडतो. सेवेत असताना असे कागद मी पुष्कळ पाहिले. शाखेत एक अर्ज देऊन पत्ता दुरुस्त करून घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

तसेच १८ ते ७० वयाच्या प्रत्येक खातेदाराने प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतलेली असावी. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. घरातल्या प्रत्येकाच्या पासबुकात ही २० रुपयांची नोंद शोधावी.

सारांश एवढाच. आधी फटी बुजवा, मग टिनाखाली छत करा, मग एक लहान रॉड हिटर पक्क्या वायरिंगवर लावा. विस्तव अंगणात राहू द्या. आणि आज रात्री आपल्या किंवा शेजारच्या शेडमध्ये कापूस राखायला कुणी झोपणार असेल, तर त्याच्या उशाशी शेगडी नाही ना, एवढे जाऊन पाहून या. त्याला एक जास्तीची दुलई नेऊन द्या.